पाटी आणि विद्या

रायपूर म्हटले की महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी माणसांना नागपूरकर भोसल्यांचे राज्य आठवते. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या मला मात्र आठवते ती एका व्याख्येची गोष्ट.

१९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन मॅकार्थी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यासवर्ग भरविला. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव त्यांनी आदल्याच वर्षी प्रस्तावात योजले होते. बुद्धीच्या प्रत्येक अंगाचे नेमके वर्णन करता आल्यास यंत्राकडून तिची नक्कल करविता येईल, ही त्यांची अटकळ होती. ती सिद्ध विद्या नव्हती. तपासून पाहावयाचे गृहीतक होते.

त्याच वर्षी डॉ. राजेंद्रप्रसादांनी रायपुरात खाणकाम व धातुशास्त्राच्या शासकीय महाविद्यालयाची कोनशिला बसविली. शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. तेथे काय शिकविणार, हे नावातच स्पष्ट होते. त्याच संस्थेची २००५ साली एनआयटी झाली.

२००२ साली मात्र छत्तीसगडने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला आणि केवळ राजपत्रातील अधिसूचनेने शंभराहून अधिक विद्यापीठे जन्माला आली. कित्येकांना इमारत नव्हती, अध्यापक नव्हते. प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ कलमेच रद्द केली. अध्यापनाची सोयच नसेल तर नुसत्या नावाने विद्यापीठ होत नाही, हा त्याचा मथितार्थ. ज्यांनी शुल्क भरले होते त्या विद्यार्थ्यांसाठी अशा संस्था जुन्या विद्यापीठांशी संलग्न करण्याची वाट ठेवावी लागली.

आज नव्या रायपुरातील ट्रिपल आयटीत डेटा सायन्स व आर्टिफिशियल इंटेलिजन्सची पदवी आहे, आणि देशभर अशा अभ्यासक्रमांची चढाओढ लागली आहे. अडचण अशी की या विषयाची व्याख्या स्थिर राहत नाही. १९९७ साली संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरविले तेव्हा जग थक्क झाले. आज तो खेळ प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याला कुणी बुद्धी म्हणत नाही.

म्हणून मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने व्याख्येवर वाद घालू नये; वेळापत्रक मागवावे. संभाव्यताशास्त्र कोण शिकविणार? रेषीय बीजगणिताला किती तास? यंत्र कोठे चुकते, हे विद्यार्थी स्वतः तपासणार की नाही? उत्तरे नसतील तर ती केवळ पाटी समजावी.

पाटी बदलायला एक अधिसूचना पुरते. विद्यार्थ्याची गेलेली चार वर्षे कोणत्याही अधिसूचनेने परत येत नाहीत.