मिस कॉलची बखर

मोबाइलचं बिल कमी कसं करावं यावर सल्ले देणारे पायलीला पन्नास भेटतात. हा प्लॅन घ्या, तो बंद करा, वायफाय वापरा, वगैरे वगैरे. पण या विद्येतला सगळ्यांत मोठा शोध कुठल्या कंपनीने लावलेला नाही, तो खिशात पैसे नसलेल्या माणसांनी लावला. तो म्हणजे मिस कॉल! त्याची बखर कुणी लिहीत नाही, म्हणून आज हा उद्योग.

मंडळी, मुळात फोनवर पैसे वाचवायची सवय मोबाइलच्या आधीची. ट्रंक कॉलच्या जमान्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार होते. अर्जंटला दुप्पट पैसे आणि लाइटनिंगला आठपट! त्यामुळे लाइटनिंग कॉल आला म्हणजे घरातल्या बायका आधी पदर डोळ्याला लावायच्या, मग निरोप ऐकायच्या. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच आठवण करून द्यायची. तारेतही शब्दागणिक पैसे, म्हणून 'स्टार्ट इमिजिएटली'च्या पुढे कुणी जात नसे. (लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहायची पद्धत आठवते का? फोन त्यांचा, बिल त्यांचं, निरोप आपला.)

आमची येलदरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं धरणाचं गाव. धरण १९६८ साली पूर्ण झालं, खाली साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेलं वीजघर. धरण आणि वीजघर म्हटलं की बाहेरगावची नोकरदार माणसं आली, आणि पुढच्या पिढीत आमच्यासारखी पोरं पुण्याला, औरंगाबादला वाळूजला निघून गेली. म्हणजे दोन्ही बाजूंनी फोनची गरज, आणि दोन्ही बाजूंनी पैशाची ओढाताण.

एसटीडी भारतात १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली, पण ती खेड्यापाड्यापर्यंत यायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, सॅम पित्रोदांच्या मंडळींनी आपल्या धुळीत आणि उन्हात एसीशिवाय चालणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंज बनवली, आणि पिवळ्या पाट्यांचे बूथ उगवले. रात्री अकरानंतर पाव दर! अकराला पाच कमी असताना बूथबाहेर रांग लागलेली असायची आणि प्रत्येकाचं लक्ष आतल्या माणसापेक्षा त्या लाल आकड्यांच्या मीटरवर. लोक प्रेमाचं बोलतानासुद्धा मीटरकडे बघत बोलायचे. असो.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता, आणि गंमत म्हणजे आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे मोबाइलवाले कुणाचा फोन आहे ते बघायचे, कट करायचे आणि पीसीओ शोधायला धावायचे. कमरेला मोबाइल, कानाला बूथचा रिसीव्हर.

२००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि खरा मिस कॉल जन्माला आला. आता रिंग देणाऱ्याला खर्च नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट द्यायला सुरुवात केली आणि कधी फोन न पाहिलेल्या घरांत फोन आले. २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम'ची सिमं आली, २००६ मध्ये बीएसएनएलने एक रुपयात देशभर मिनिटभर बोलायची सोय केली, २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा केला. तरी मिस कॉल थांबला नाही! कारण रुपया म्हणजे रुपया.

आमच्या घरात एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'तू फोन कर', आणि लागोपाठ तीनदा म्हणजे 'हातातलं टाकून फोन कर'. आत्याचा रोज रात्री नऊला एक मिस कॉल यायचा. उचलायचा नसायचा. तो फक्त 'आहे मी' एवढं सांगायचा. तारेत तरी पाच-सहा शब्द लागायचे, इथे एकही नाही.

शेतकऱ्यांनी तर कमाल केली. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यांतून बारा-बारा तास भारनियमन असायचं. (वीजघर उशाला आणि अंधार पायथ्याशी, हे आमच्या भागाचं दुःख वेगळंच.) रात्री दोनला लाइट आली की गावातला जागा माणूस शेतातल्याला मिस कॉल द्यायचा, की तो उठून मोटार चालू करायचा. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तर 'नॅनो गणेश' हे यंत्र बनवलं, त्याने मोबाइलवरूनच पंप चालू-बंद होतो. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. पुढे राजकारणीही शिकले. २०११ मध्ये अण्णांच्या आंदोलनाला पाठिंबा मिस कॉलने, २०१४ मध्ये भाजपचं सदस्यत्व मिस कॉलने.

मिस कॉलमागे कंपन्यांचाही हिशेब असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एका कंपनीवरून दुसरीवर फोन गेला की पहिलीने दुसरीला पैसे द्यायचे. हा दर २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे होता, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ पासून ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. म्हणजे तेव्हा जो मिस कॉल देईल त्याची कंपनी फायद्यात, जो परत फोन लावेल त्याची तोट्यात. २०१९ मध्ये यावरून असं भांडण जुंपलं की रिंगच पंचवीस सेकंदांवर आणली गेली, म्हणजे माणूस उचलेपर्यंत मिस कॉल तयार! शेवटी ट्रायने मोबाइलची रिंग तीस सेकंद ठरवून दिली. आत्याच्या गुडघ्यांना उठून फोनपर्यंत यायला किती सेकंद लागतात, याचा विचार दिल्लीत झाला म्हणायचा.

पण मला खरा चटका लागला तो २०१८ च्या शेवटी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं जवळपास फुकट झालं, तोट्यात गेलेल्या कंपन्यांनी मग नियम काढला: दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. शिल्लक बॅलन्स असलेल्यांचं काय, असं ट्रायने विचारलं, पण प्रघात पडला तो पडलाच. 'लाइफटाइम'चं आयुष्य संपलं. आत्याचा फोन असाच मुका झाला आणि नऊचा मिस कॉल आला नाही. दोन दिवस आमचा जीव टांगणीला, शेवटी शेजाऱ्यांना धाडलं. ती आपली अंगणात डाळ निवडत बसलेली!

महिन्याऐवजी २८ दिवस, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. २०२२ मध्ये ट्रायने निदान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवायला लावला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक देणं सक्तीचं केलं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. तुमच्या घरात साधा फोन वापरणारं कुणी असेल तर दुकानात जाऊन नेमकं हेच मागा: नुसतं बोलायचं, वर्षाचं. दुकानदार आधी डेटाचाच पॅक काढतो, आमच्याकडेही काढला. दुसऱ्यांदा ठासून सांगितल्यावर मिळाला.

आत्याला सांगितलं, आता कितीही बोल, पैसे पडत नाहीत. म्हणाली, "मग रोज काय बोलायचं रे?"