घाटाचा राखणदार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

होळीच्या आधी मोलगीला भोंगऱ्या बाजार भरतो. कधी गेलात तर एक गोष्ट मुद्दाम पाहा. डोंगरावरून आलेला माणूस आमचूर, महू, भगर असं जे काही आणतो ते विकतो आणि परतताना त्याच्या गाठोड्यात मीठ असतंच. सातपुड्यात बाकी सारं पिकतं, मिळतं. मीठ मात्र खालून, परक्याकडून आणावं लागतं. म्हणून ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ या आपल्या वाक्प्रचाराला इथे जरा वेगळीच धार आहे.

मोलगी, काठी, अक्राणी हा सगळा मुलूख मेवासी संस्थानिकांचा आणि नाईकांचा. मोलगीहून पूर्वेकडे, तोरणमाळच्याही पलीकडे गेलं की मुंबई-आग्रा रस्त्यावरचा सेंधव्याचा घाट लागतो. आज तो भाग मध्य प्रदेशात आहे. त्या काळी खानदेशच्या साहेबांची झोप या घाटावर अवलंबून असे. या घाटाचा राखणदार खाज्या नाईक. इमानाची गोष्ट सांगायची म्हटल्यावर मी याला निवडला याचं काहींना नवल वाटेल. हा माणूस काही पुतळ्यासारखा गुळगुळीत नाही. त्याच्या हातून एक माणूस मेला होता आणि पुढे त्याने सरकारी खजिना लुटला.

थोडं मागे जावं लागेल. 1818 साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. भिल्लांना त्यांनी आधी बंदुकीने वठणीवर आणायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. तेव्हा एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, 1825 मध्ये, धोरण बदललं. धरणगावला भिल्ल पलटण उभी करायचं काम जेम्स आउट्रम या विशीतल्या लेफ्टनंटकडे आलं. हा गडी पहारा न घेता जंगलात नाईकांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या. ब्रँडी पाजून त्यांची मनं जिंकली असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे! गंमत सोडा, पण तो त्यांच्यात निःशस्त्र झोपला ही गोष्ट भिल्लांनी लक्षात ठेवली. पलटणीचं इमान कंपनी सरकारपेक्षा या एका माणसावर जडलं, असं मला वाटतं.

घाटांची व्यवस्थाही याच धोरणातली. जे नाईक पूर्वी वाटसरूंकडून हक्काने वसूल करत, त्यांनाच पगार देऊन वाट राखायला सांगायचं. खाज्याचा बाप गुमान नाईक सेंधव्याचा घाट राखत असे. त्याच्यामागे खाज्या आला. वीसेक वर्षं कारवां बिनघोर गेले. मग एका संशयित दरोडेखोराला त्याने पकडलं, मारलं आणि त्या मारात तो मेला. खाज्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

इथे घाई करून निवाडा देऊ नये. मेलेला माणूस हा माणूसच होता, आणि कायद्याने खाज्याला धरलं यात चूक काढता येत नाही. पण ज्या दांडगाईच्या धाकावर घाट सुरक्षित होता, ती इतकी वर्षं सरकारला माहीतच नव्हती असं कोण म्हणेल? काम होत होतं तोवर ती नाईकाची मर्दुमकी होती. काम अंगाशी आलं तेव्हा ती एकट्या नाईकाची झाली.

शिक्षा पुरी होण्याआधीच तो सुटला. 1857 मध्ये उत्तरेत वणवा पेटल्यावर सरकारला घाट आठवला आणि घाटाबरोबर खाज्याही. त्याला पुन्हा नोकरीवर घेतलं. त्याच वर्षी तो बंडात उतरला. गोऱ्या अधिकाऱ्याने त्याचा पाणउतारा केला, ते त्याच्या जिव्हारी लागलं, असं सांगतात. नगर-सिन्नरकडच्या भागोजी नाईकाची कहाणी याच वळणाची आहे: तोही पोलिसात, त्यालाही शिक्षा, सुटल्यावर तोही 1857 मध्ये बंडात. दोन वेगळ्या जिल्ह्यांत एकच गोष्ट घडते तेव्हा एखाद्याच्या तापट स्वभावावर तिचं खापर फोडता येत नाही.

इंदूरकडून येणारा सुमारे सात लाखांचा खजिना खाज्याने सेंधव्याच्या वाटेवर लुटला. ज्या वाटेचा तो राखणदार, त्याच वाटेवर. भीमा नाईक त्याचा साथी होता. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीच्या डोंगरात लढाई झाली. भिल्लांच्या तीरकामठ्यांपुढे बंदुका होत्या. खाज्याचा मुलगा तिथे पडला. पकडलेल्यांपैकी पन्नासहून अधिक जणांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या. शेकडो बायका पकडून नेल्या. नाईकांना शरण आणण्याचा तो हुकमी उपाय.

या साऱ्या धामधुमीत आउट्रमने उभी केलेली भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने राहिली. आउट्रम तेव्हा दूर लखनौला होता. मग या शिपायांना बेइमान म्हणायचं का? मला ते जड जातं. त्यांना वेळेवर पगार मिळाला होता, मान मिळाला होता, एका साहेबाने त्यांच्यावर जीव टाकला होता. ते त्या मिठाला जागले. खाज्याही वीस वर्षं जागला होता. त्याच्या मिठात समोरच्याने माती कालवली. इमान ही चाकराने एकट्याने वाहायची कावड आहे असं धरून चाललेल्यांना हा फरक शेवटपर्यंत उमगला नाही. त्यांच्या कागदांत एक भिल्ल विश्वासू आणि दुसरा दरोडेखोर.

खजिना हाती आल्यावर निजामाच्या नाहीतर आणखी कुणाच्या मुलखात निघून जाणं खाज्याला अशक्य नव्हतं. मुलगा गेला, माणसं गेली, तरी तो आपला डोंगर सोडून गेला नाही. 1860 मध्ये चाकरी मागायच्या मिषाने त्याच्या टोळीत शिरलेल्या एका माणसाने त्याला दगा देऊन मारलं. खाज्याने त्याला ठेवून घेतलं होतं.