सामूहिक लेखन म्हणजे काय? आठ मुलांनी मिळून एक पुस्तक कसं लिहिलं?

वर्गात 'चला, सगळे मिळून गोष्ट लिहूया' म्हटलं की बहुतेक वेळा एकच खेळ होतो. पहिलं मूल एक वाक्य लिहितं, दुसरं पुढचं जोडतं आणि पाचव्या बाकापर्यंत राजाला भूत भेटलेलं असतं. पॅरिसमधले अतिवास्तववादी कलावंत १९२५ च्या सुमारास असाच खेळ कागदाला घड्या घालून खेळायचे. आधीच्याने काय लिहिलंय ते पुढच्याला दिसत नसे. यात मजा येते, भीड चेपते. पण एकमेकांचं लिखाण तपासण्याची वेळ कोणावरच येत नाही.

ती वेळ आणणारी पद्धत इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी वाडीत रुळली. लोरेंझो मिलानी हे धर्मगुरू १९५४ साली तिथे आले. वाडीतली शेतकऱ्यांची मुलं सरकारी शाळेत नापास होऊन बाहेर पडत होती. मिलानींनी त्यांच्यासाठी चर्चच्याच घरात शाळा काढली. या शाळेला सुट्टी नसे, रविवारीसुद्धा.

१९६३ मध्ये मारियो लोदी हे शिक्षक तिथे येऊन गेले. लोदींनी आपल्या वर्गातल्या मुलांसोबत लिहिलेली 'चिपी' ही चिमणीची गोष्ट आधीच छापून आली होती. दोन्ही शाळांनी एकमेकींना पत्रं लिहायचं ठरवलं आणि एकच पत्र सगळ्यांनी मिळून कसं लिहायचं, हा प्रश्न आला.

मुलांनी तो असा सोडवला. प्रत्येकाच्या खिशात छोटी वही. विचार सुचला की टिपायचा. एका कागदावर एकच मुद्दा, तोही एकाच बाजूला. मग सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. दोनदा आलेले मुद्दे काढून टाकायचे, जवळचे एकत्र ठेवायचे. मोठा गठ्ठा म्हणजे प्रकरण, लहान गठ्ठा म्हणजे परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यायचं. नाव सुचलंच नाही, तर त्यात काहीच नाही किंवा फार काही कोंबलंय असं समजायचं. यानंतर मसुदा सायक्लोस्टाइल करून प्रत्येकाच्या हातात एक प्रत आणि कात्री, डिंक, रंगीत पेन्सिली. जादा विशेषणं, अवघड शब्द, लांबलचक वाक्यं शोधून उडवायची जणू शर्यतच लागायची. खोटं आढळलं तर तेही उडवायचं. शेवटी बाहेरच्या माणसांना, शक्यतो कमी शिकलेल्यांना, मोठ्याने वाचायला लावायचं.

याच पद्धतीने आठ मुलांनी नापास करणाऱ्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तकभर पत्र लिहिलं. ते मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जूनमध्ये मिलानी वारले. लेखक म्हणून मुलांची नावं नाहीत, फक्त 'बार्बियानाची शाळा'. गरिबांच्या मुलांना शाळा कशी बाहेर ढकलते, याचा हिशेब त्यांनी आकडेवारीनिशी मांडला होता. लिहिता येत नाही म्हणून नापास ठरलेल्यांनीच तो लिहिला, हे त्या शिक्षिकेला खरं उत्तर. मराठीत हे पुस्तक 'प्रिय बाई' या नावाने आलं आहे.

आपल्याकडे एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. तेव्हा सात-आठ जणांचे गट करावे लागतात. कागद पाठकोरे चालतात, उलट तेच बरे. गटात एखादं हुशार मूल सगळं लिहून मोकळं होतं, ही नेहमीची अडचण. म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठ्या लिहिणं महत्त्वाचं. आणि बाहेरचा वाचक म्हणून खालच्या वर्गातलं एखादं मूल बोलवायचं. वाचताना ते जिथे अडखळेल, ते वाक्य पुन्हा टेबलावर.