सुताराचें यंत्र लोहाराच्या दारीं

नीरा नदीच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामती व इंदापूर तालुक्यांच्या शिवारांत खेळूं लागलें. त्यापूर्वीं अवघीं कांहीं वर्षें आधीं, १८७६-७७ च्या दुष्काळांत, हाच मुलूख होरपळून निघाला होता. पाण्यामागून ऊंस आला आणि उंसामागून चरक आला. प्रारंभींचा चरक लांकडी असे. गांवचा सुतार तो घडवी, व मोडल्यास तोच दुरुस्त करी. पुढें लोखंडी चरक आला. त्याची मूळ योजना तीच होती. बैल त्याच वर्तुळांत फिरत होते आणि ऊंसहि तसाच लाटांमध्यें शिरत होता. बदलला तो केवळ उंसाला चिरडणारा भाग. या बदलानें रस अधिक निघूं लागला. परंतु लोखंडी ओतकामाचा तुकडा उडाला, तर तो सांधणें सुताराच्या हातचें राहिलें नाहीं. ओतशाळेची वाट धरणें भाग पडलें. हत्यार सुधारलें, पण दुरुस्तीची विद्या गांवाबाहेर गेली. यंत्रांच्या इतिहासांतील ही देवघेव ध्यानांत ठेविली, म्हणजे आजच्या काळांतील एका लहानशा खटाटोपाचें महत्त्व समजेल. लांकूड कोरणारें छोटें संगणकचलित यंत्र घेऊन त्याजकडून लोखंडी पत्रा कापून घेणें, हा तो खटाटोप होय.

साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा १९३२ सालीं झाला. त्याच दशकांत इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानें साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसलें. स्वातंत्र्यानंतर त्याच गांवीं साखर कारखान्यांचीं यंत्रें बनूं लागलीं. पुढें अणुभट्ट्यांचे भाग व अग्निबाणांचीं कवचेंहि तेथें घडलीं. १४ जुलै २०२३ रोजीं चंद्रयान-३ ला घेऊन उडालेल्या अग्निबाणाच्या घन इंधनाच्या खंडांचें काम वालचंदनगरच्या कारखान्यांत झालेलें होतें. साखरेच्या गांवानें अंतराळापर्यंत हात पोंचविला, तो जुनें सर्व मोडून टाकून नव्हे. धातु कापण्याची, वांकविण्याची व जोडण्याची जी विद्या अंगीं मुरली होती, तिला नवें काम देऊन.

परंतु मोठ्या कारखान्याला जें साधतें, तें रस्त्याकडेच्या वर्कशॉपला साधतें काय, हा खरा प्रश्न आहे. गाळपाचा हंगाम ऐन भरांत असतांना उंसाच्या ट्रॉलीचा एखादा जाड पत्रा फाटतो. तोडलेला ऊंस फडांत पडून राहिला, तर दिवसागणिक त्याचें वजन व गोडी घटते. त्या वेळीं दहा ठिकाणीं भोंकें असलेली, अचूक मापाची एक पट्टी हवी असते, आणि ती आजच हवी असते.

लोखंड कापण्याचें जुनें साधन म्हणजे छन्नी व घण. १८९५ मध्यें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ हेन्री ल शातेलिए यांनीं असिटिलीन व प्राणवायु यांच्या ज्योतीचें प्रचंड तापमान दाखवून दिलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं गॅसची टॉर्च कारागिरांच्या हातीं आली. गॅसनें पोलाद कापलें जातें तें वस्तुतः जळून. सुमारें नऊशें अंशांपर्यंत तापलेल्या पोलादावर प्राणवायूचा झोत सोडला, कीं तें पेट घेतें व त्याची राख वितळून खालीं वाहते. स्टेनलेस पोलाद व अॅल्युमिनियम यांना ही युक्ति लागू पडत नाहीं. त्यांच्या पृष्ठावर जी साय धरते, ती धातूपेक्षांहि उशिरां वितळते.

ही अडचण दूर केली ती प्लाझ्मानें. अमेरिकेंतील युनियन कार्बाइड कंपनीचे रॉबर्ट गेज यांना १९५७ सालीं तिचें पेटंट मिळालें. विजेची ठिणगी एका बारीक तोटींतून जोरानें वाहणाऱ्या वायूबरोबर बाहेर काढली, म्हणजे ती आवळली जाते आणि तिचें तापमान वीस हजार अंश किंवा त्याहूनहि वर चढतें. मग धातु कोणताहि असो, वीज वाहून नेणारा असला म्हणजे पुरे. आरंभीं त्यास आर्गॉनसारखे महागडे वायु लागत, कारण टंग्स्टनचा इलेक्ट्रोड हवेंत जळून जाई. पुढें हॅफ्नियमची टिकली बसविलेले इलेक्ट्रोड निघाले आणि साधी दाबलेली हवा चालूं लागली. वीज आणि कॉम्प्रेसर एवढ्यावर काम भागूं लागलें, हा खेड्यांतील कारागिराच्या दृष्टीनें मोठाच लाभ झाला.

दुसरा धागा हात चालविणाऱ्या यंत्राचा. अमेरिकेंतील जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेनें १९५२ मध्यें छिद्रांच्या फितीवरील आंकड्यांनीं चालणारें मिलिंग-यंत्र दाखविलें. तें कपाटाएवढ्या विद्युत्साधनांवर चाले. २००५ मध्यें इटलींत आर्डुइनो ही स्वस्त नियंत्रक-पट्टी निघाली, २००९ मध्यें तिजवर चालणारी ग्रब्ल नांवाची मोफत आज्ञावली आली, आणि तेंच काम तळहातावर मावूं लागलें. पुणें जिल्ह्यांतीलच पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत २००२ मध्यें फॅब लॅब सुरू झाली. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेबाहेरील अशा पहिल्या प्रयोगशाळांमध्यें तिची गणना होते. नवें यंत्र खेड्यानें केवळ विकत न घेतां स्वतः उकलून पाहावें, हा विचार या भूमीला परका नाहीं.

आतां हे दोन धागे गुंफण्याचा प्रसंग येतो. लांकडावर नक्षी कोरणाऱ्या राउटरला तीन दिशांनीं सरकणारा हात असतो व टोंकाला फिरतें पातें असतें. तें पातें काढून प्लाझ्माची सरळ टॉर्च बसविली, कीं काम संपलें, असें वरवर पाहणारास वाटतें. वास्तविक काम तेथेंच सुरू होतें. प्रथम लांकडी पाट काढून टाकावा लागतो, कारण खालीं ठिणग्यांचा पाऊस पडतो. त्याच्या जागीं उभ्या लोखंडी पट्ट्यांची चौकट व खालीं पाण्याचें उथळ तसराळें येतें. ठिणग्या व पुष्कळसा धूर पाण्यांत विरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट उंचीची. सुताराचें यंत्र उंची मोजतें ती आपल्या पाटापासून, कारण फळी पाटाला घट्ट आंवळलेली असते. पत्रा मात्र कापतां कापतां तापतो, फुगतो, कडेला उचलला जातो. टॉर्च व पत्रा यांमधील अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास राहिलें पाहिजे. भोंक पाडतांना तें त्याच्या दुप्पट हवें, नाहींतर उसळलेला रस तोटींत बसतो. म्हणून प्रत्येक भोंकापूर्वीं टॉर्चनें पत्र्याला स्पर्श करून त्याची खरी जागा जाणून घ्यावी लागते आणि कापतांना ठिणगीचा दाब पाहत राहावें लागतें. ठिणगी लांबली कीं व्होल्ट वाढतात, आंखडली कीं घटतात. त्यावरून यंत्र टॉर्च खालींवर करतें. यांतहि एक मेख आहे. कोपऱ्यावर हात मंदावतो, धातु अधिक खाल्ली जाते, ठिणगी लांबते, आणि टॉर्च वर गेली असें समजून यंत्र ती पत्र्यांत खुपसतें. यास्तव कोपरा येतांच हें उंचीचें नियंत्रण क्षणभर थांबवावें लागतें. तात्पर्य, यंत्राचा हात तोच राहतो. पण तो ज्याला आधार मानीत होता, तो आधार बदलतो. पाटावर विसंबलेल्या हाताला आतां पत्र्याची नाडी पाहावी लागते.

विजेचेंहि पथ्य आहे. कांहीं प्लाझ्मा-यंत्रें ठिणगी पेटविण्यास उच्च कंपनाची वीज वापरतात. तिच्या गोंगाटानें नियंत्रक भांबावतो व हात भलतीकडे धांवतो. म्हणून तोटी व इलेक्ट्रोड यांच्या स्पर्शानें पेटणारें यंत्र निवडणें, तारांना आवरण देणें आणि सर्व जोडण्या एकाच ठिकाणीं भूमीस जोडणें इष्ट असतें. पावसाळ्यांत हवेंतील ओल कॉम्प्रेसरमधून आली, तर तोटी व इलेक्ट्रोड भराभर झिजतात; हवा कोरडी करणारें साधन ही चैन नव्हे.

शेवटीं जिवाची गोष्ट. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापतांना निघणारा धूर छातींत गेला, कीं ताप भरतो. पाण्यांत पडलेल्या अॅल्युमिनियमच्या कणांपासून हायड्रोजन निघतो व पत्र्याखालीं साठून भडका उडूं शकतो. ठिणगीचा प्रकाश उघड्या डोळ्यांना इजा करतो. गडद कांच, खेळती हवा आणि हाताशीं असलेला बंद करण्याचा खटका, यांवांचून केलेला बदल काटकसरीचा म्हणतां यावयाचा नाहीं. हप्त्यानें घेतलेलें यंत्र पुन्हां मिळेल. डोळे मिळणार नाहींत.

मग आंखणी करणाऱ्या जुन्या कारागिराचें काय? त्याची विद्या फुकट जात नाहीं. पत्रा कोणत्या बाजूला ओढ घेईल, आंतलीं भोंकें आधीं कापून बाहेरची कड शेवटीं कां कापावी, चिरेची रुंदी मापांतून किती वजा करावी, हें त्याचा हात सांगतो. आज्ञा लिहिणाऱ्या तरुणाला त्याच्याशेजारीं बसावेंच लागतें. लोखंडी चरकाच्या वेळीं विद्या गांवाबाहेर गेली, कारण तो घडविण्यांत गांवचा हात लागला नव्हता. ज्या वर्कशॉपानें आपल्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू स्वतः उलगडून बसविला, त्याला तें मध्यरात्रीं बंद पडलें, तरी पुण्याची वाट पाहावी लागत नाहीं. पट्टी पहाटेपर्यंत तयार होते, आणि फडांतला ऊंस वाळण्यापूर्वीं कारखान्याच्या काट्यावर पोंचतो.