सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१ चा फुटबॉल संघ : एका अलिखित नियमाचा इतिहास

अमेरिकेत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढे जाण्याचा तो खेळ आहे. हंगामाच्या शेवटी निवडक विद्यापीठ-संघांना नववर्षदिनाच्या सुमारास होणाऱ्या 'बाउल' सामन्यांचे निमंत्रण येई. निमंत्रण कोणास द्यावे हे बहुधा त्या त्या सामन्याची स्थानिक समिती ठरवी. आणि यांपैकी ऑरेंज, शुगर, गेटर इत्यादी प्रमुख सामने दक्षिणेकडील राज्यांत होत. प्रस्तुत प्रकरण समजण्यास एवढी माहिती पुरेशी आहे.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही १८५५ साली स्थापन झालेली जेझुइटांची लहानशी संस्था होय. जो कुहारिच यांच्या शिकवणुकीखाली तिच्या संघाने १९५१ च्या हंगामातील नऊच्या नऊ सामने जिंकले. २४ नोव्हेंबर रोजी पॅसाडेना येथे लॉयोला विद्यापीठाचा २०-२ असा पराभव करून हंगामाची सांगता झाली. ऑली मॅटसन याने चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची मजल मारली. त्या वर्षी देशातील अन्य कोणाही विद्यापीठ-खेळाडूस हा आकडा गाठता आला नाही. तरीही निमंत्रण आले नाही.

प्रतिस्पर्धी दुबळे होते, असे कारण सांगण्यात आले. ते सर्वस्वी खोटे नव्हे. हरविलेल्या संघांत सैनिकी तळांचेही संघ होते. परंतु मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट त्याहून निर्णायक होती. दोघांना मागे ठेवून आल्यास ऑरेंज बाउलचा मार्ग मोकळा होईल, असे संघास कळविण्यात आले आणि खेळाडूंनी ते साफ नाकारले, असे त्यांच्या पुढील काळातील कथनांवरून दिसते. अशा अटीचा लेखी पुरावा मागणे हे इतिहासाच्या शिस्तीस धरूनच आहे. पण जो नियम कागदावर न उतरविता पाळला जावा अशीच योजना होती, त्याचा शोध कागदांपेक्षा त्याच्या परिणामांत घ्यावा लागतो.

परिणाम तर स्पष्टच होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबर रोजी ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा प्रतिपक्षीयाने जाणूनबुजून केलेल्या प्रहाराने मोडला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रमालिकेस १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. दुसरीकडे, १९४८ साली डलास येथील कॉटन बाउलमध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू खेळले होते. म्हणजे हा नियम मोडणे अशक्य नव्हते. मोडण्याची इच्छा हवी होती. शुगर बाउलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू उतरण्यास १९५६ साल उजाडावे लागले.

हंगामानंतर थोड्याच दिवसांत विद्यापीठाने खर्च न झेपल्याने हा संघच बंद केला. बाउलचे उत्पन्न मिळते तर तो वाचला असता असे म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. शेजारच्या सेंट मेरीज महाविद्यालयाने आधीच्याच हंगामानंतर फुटबॉल सोडला होता, सांता क्लारा विद्यापीठाने १९५२ च्या हंगामानंतर सोडला. व्यावसायिक संघ शहरात आल्यावर लहान कॅथलिक संस्थांना प्रेक्षक टिकविणे कठीणच होते.

खेळाडू मात्र मागे पडले नाहीत. गिनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर व मॅटसन या तिघांनाही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत आपले खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदकाचे मानकरी ठरले, हे वाचकांस स्मरत असेल. टोलरची कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतीने सुरू होण्यापूर्वीच संपली. तो शिक्षक झाला आणि १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून मैदानावर उतरला. त्या वेळी लीगच्या आयुक्तपदी पीट रोझेल होते. १९५१ साली याच संघाच्या प्रसिद्धीचे काम ते पाहत असत.