दोन छावण्या

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनास गेलो असता जवळचे वळिवडे मुद्दाम पाहून आलो. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी त्याच जागी गांधीनगर वसवले. आज तेथे गजबजलेली बाजारपेठ आहे.

ही पोलिश मंडळी हौसेने आलेली नव्हती. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांना सैबेरिया व कझाकस्तानात धाडले. १९४१ च्या करारान्वये सुटलेल्यांपैकी काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. कोल्हापूर संस्थानाच्या भूमीवर, बराकींच्या रांगांतून त्यांनी एक लहानसे पोलिश नगर उभे केले. चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, सारे काही होते. शाळाही होत्या आणि तेथे मुले पोलिश भाषेत शिकत.

परतीची आशा मात्र बहुतेकांच्या बाबतीत फोल ठरली. १९४४ मध्ये बेचिराख झालेल्या वॉर्साचा जुना भाग जुनी चित्रे व आराखडे यांच्या आधारे पुन्हा उभारता आला. ल्वूफ आणि विल्नो ही प्राचीन नगरे मात्र नव्या सीमारेषेपलीकडे, सोव्हिएत संघराज्यात गेली. ल्वूफमधील चौक व चर्चे बव्हंशी शाबूत राहिली. पण घरी परतावे, असा देशच तेथे उरला नाही. वळिवड्याची अनेक कुटुंबे मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे विखुरली. तरीही त्यांना वळिवड्याचा विसर पडला नाही. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२४ साली भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

आपले शहरही मुळात छावणीच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ पडला, तेच आजचे लष्कर. तंबूंच्या जागी वाडे आले. गोरखी, छत्र्या आणि १८७४ चा जयविलास उभा राहिला. त्यांना पाच वर्षे मिळाली, आपल्याला दोन शतके लाभली. वास्तू आपल्याकडे विपुल आहेत. मात्र माझ्या नातवाला मराठी समजते, वाचता येत नाही. आयुष्यभर शासकीय टिपणे हिंदीत लिहिणाऱ्या मला याची खंत फार उशिरा वाटली.

बराकीत राहणाऱ्या त्या मातांनी जे जपले, ते वाड्यात राहून आपण का गमवावे? हा अंक हाती येताच नातवाला शेजारी बसवून हाच लेख त्याच्याकडून वाचून घेण्याचे मी ठरवले आहे.