लोणीकंद ते मार्केट यार्ड

पुण्याच्या ईशान्येला सुमारे बारा मैलांवरच्या लोणीकंदचे रोजचे जगणे पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांनी एका परक्याने लिहून काढले. थॉमस कोट्स हा पुण्याच्या रेसिडेन्सीतला शल्यवैद्य. १८२० मध्ये त्याने मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे या गावावर निबंध वाचला आणि १८२३ मध्ये तो छापून आला. त्या काळी गावाची नोंद व्हायची ती महसुलासाठी. कोट्सने मात्र कुणब्याचा दिवस टिपला. कोंबडा आरवताच उठणे, देवाचे नाव घेणे, तंबाखूची चिमूट, बैल चारत चारत शेतावर जाणे. न्याहारीला ज्वारीची भाकरी, सोबत कांदा, मिरची, मीठ. दुपारी बायको जेवण आणणार. नवरा जेवून झाडाखाली आडवा झाला की उरलेले ती खाणार. या एका तपशिलात त्या घराची सारी व्यवस्था दिसते. बहुतेक कुटुंबे सावकाराच्या देण्यात बुडालेली आहेत, हेही त्याने नोंदवले. दख्खनच्या दंग्यांत सावकारांच्या वह्या जळाल्या १८७५ मध्ये. त्या दंग्यांचे कारण इतके आधी लिहून ठेवलेले होते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. हे गाव आज पिंपरी-चिंचवडमध्ये मिसळून गेले आहे. तिथे दर खातेदारामागे सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७. कष्ट तेवढेच राहिले, रानाचे मात्र वाटण्यांत तुकडे होत गेले. याच सुमारास, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. बलुतेदारीचे ताणतणाव त्यात आतल्या माणसाने लिहिले असल्याने ते अधिक बोचतात. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी कोट्सच्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९६० मध्ये निघाले.

कर्ज आणि जमीन यांखेरीज कुणबी नाडला जाई ते आणखी एक ठिकाण गावाबाहेर होते: बाजार. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. या हत्ता पद्धतीत मालाच्या धन्याला सौदा कळतच नसे. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६३ मध्ये बाजार नियमनाचे कायदे केले. पुण्याच्या नाना आणि भवानी पेठांतला भुसार बाजार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला. उघड लिलाव, परवानाधारक तोलणार, आडत-हमाली-तोलाई वेगवेगळी दाखवणारी पट्टी, हे नियम तिथे लागू झाले. पोती वाहणारे हमालही बहुतांशी कोरडवाहू गावांतून आलेले. त्यांना बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायतीत संघटित केले होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीला आणि भविष्य निर्वाह निधीला आधार मिळाला.